कोटेशन

भरतेशभाऊ, नमस्कार.
मगदूम बिल्डिंग, गणपती पेठ, सांगली.
बाहेरून रंगकाम, तीन मजले, परांची आमची.
तुम्ही म्हणालात, सगळीकडं एकच रंग मारा, बदामी,
कंपनीच्या कार्डावरचा चौदा नंबर.
म्हणून काल मापं घ्यायला गेलो होतो.

कपाळावर सिमेंटमध्ये १९३८ आहे.
आठाची शेपटी माकडांनी नेली,
ती बसवायचे पैसे वेगळे.

तळमजल्याचा पिवळा मुळात कुणी दिलेलाच नाही.
आडमुठ्यांच्या अडतीत हळदीची पोती फुटायची,
भिंत आपोआप पिकत गेली.
अब्बांना बोलावलं ते त्या पिवळ्याला पिवळा जुळवायला.
ते सांगायचे, सौदा उपरण्याखाली व्हायचा,
दोघांचे हात आत, बोटं बोलायची,
तोंडं मात्र बैलाच्या शिंगांबद्दल.
एकदा वारा आला, उपरणं उडालं,
आणि परांचीवरून अब्बांनी हळदीचा भाव बघितला.
जन्मभर कुणाला सांगितला नाही.
मलाही नाही.

बोरगाव्यांच्या घड्याळदुकानावरचा निळा
ट्रकच्या बॉडीचा आहे. कुपवाडच्या गॅरेजात
अर्धा डबा उरला होता, फुकट मिळाला.
तो भिंतीचा रंगच नव्हे, म्हणून अजून चकाकतो.
गाढवाला हार घातल्यासारखा, असं लोक म्हणायचे.
आता पत्ता सांगताना तेच म्हणतात,
निळ्या दुकानापासून डावीकडं.

पोपटी इंदुमती ऐनापुऱ्यांचा, फॉल-पिको.
त्यांनी खणाची चिंधी दिली, म्हणाल्या, हा.
खणाचा रंग उजेडात एक, सावलीत दुसरा,
मी तीन दिवस डबे ढवळत बसलो.
शेवटी सकाळचा पोपटी दिला.
दुपारी त्या भांडायला आल्या.

वरच्या गुलाबी खिडक्या टायपिंग क्लासच्या.
क्लासमधली एक मुलगी परीक्षेत पहिली आली,
तेव्हा आष्टेकर सरांनी रातोरात रंगवून घेतल्या.
सर गेले, मशिनं भंगारात गेली,
मुलगी कुठं असते कुणाला माहीत नाही.
गुलाबी जरा उडालाय, पण आहे.

आता पुराचं.
एकोणीस साली पाणी उतरलं तेव्हा
पिवळ्यावरून, निळ्यावरून, पोपटीवरून
एकच रेघ गेली होती, पाट्यांच्या वर हातभर.
चाळीस वर्षं ब्रश धरतोय, भाऊ,
इतकी सरळ रेघ मला कधी जमली नाही.
रेघेच्या खाली सगळी बिल्डिंग एका रंगाची.
तुम्हाला पाहिजे तसा एक रंग
कृष्णेनं तेव्हा देऊन बघितला होता.
ठेवला का कुणी?
ऐनापूरबाई दात घासायच्या ब्रशनं
पोपटी शोधत बसल्या होत्या, चिखलात, पाटावर.
बोरगावे आधी भिंतीला भिडले, मग घड्याळांना.

तर दर असे.
बदामी, चौदा नंबर: खरवडणे, लांबी भरणे,
प्रायमर, दोन हात. मागच्या पानावर रक्कम आहे.
थोडी जास्त वाटेल. जास्तच आहे.
आहेत तेच रंग पुन्हा: निम्म्यात करतो.
त्यांना कार्डावर नंबर नाहीत,
माझ्याकडं पाठ आहेत.
तुम्ही बदामी सांगितलात तर बदामी मारीन.
पोट मलाही आहे.

आपला,
दस्तगीर नदाफ, पेंटर

ता. क.
जिन्याच्या वळणावर तळहाताएवढी भिंत
खरवडून बघितली, नमुन्यासाठी.
पाच थर निघाले, तळाशी चुना,
आणि चुन्यावर शिसपेन्सिलीनं अब्बांचं अक्षर:
पिवळा, दोन हात. मगदूमशेठकडून येणे
साडेतीन रुपये.
तेवढी बाकी
वरच्या दोन्ही दरांत धरली आहे.